काळोखी कादंबरी वाचायची तर...

पेण-रोह्याच्या बाजूला एखाद्या वाचणाऱ्या माणसाला आवडती पाच पुस्तकं विचारा. ‘श्यामची आई’ बहुधा निघतंच. ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ यांच्यापैकी एक असतं, पु. लं.चं काहीतरी असतं, ‘एक होता कार्व्हर’ असतं. यादी चांगलीच असते आणि मनापासून दिलेली असते. पण माणसाच्या डोक्यातला काळोख दाखवणारी कादंबरी तिच्यात क्वचित सापडते. का नाही, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: डोक्याला ताप कशाला, रात्री झोप लागत नाही, आयुष्यात आधीच काय कमी कटकटी आहेत!

तक्रार अगदीच खोटी नाही. अशी पुस्तकं चुकीच्या वेळी, चुकीच्या क्रमानं हातात पडली तर त्रास देतात. नीट वाचली तर मात्र दुसऱ्या कुठल्याच पुस्तकातून न मिळणारी एक गोष्ट देतात. माणूस स्वतःलाच कसा फसवतो, हे आपल्याला आतून दिसतं. डोलवी, गडब, वडखळ, पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या वाचकांना डोळ्यासमोर ठेवून, अशी कादंबरी कशी निवडावी, कशी वाचावी आणि कुठे थांबावं, ते इथे सांगतो.

एक खुलासा आधी. काळोखी कादंबरी म्हणजे भुताखेतांची नव्हे. नारायण धारपांच्या कथांतली भीती बहुतेक वेळा बाहेरून घरात शिरते. इथली भीती आधीपासून घरातच, म्हणजे माणसाच्या मनातच असते. तिला पळवून लावणारा कुणी समर्थ येत नाही.

आधी स्वतःची यादी काढा

नव्या पुस्तकाकडे वळण्याआधी वहीत आपली आवडती पाच पुस्तकं लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी नोंदवा: गोष्ट कोण सांगतंय आणि त्याच्यावर आपला किती विश्वास आहे.

‘श्यामची आई’मध्ये श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत आणि एकाही रात्री आपण त्याच्यावर शंका घेत नाही. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. म्हणजे एकच आयुष्य आपण अनेक तोंडून ऐकतो. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं निवेदक आहेत. ययाति बोलायला लागला की त्याच्या कबुलीत सफाई मिसळलेली आहे, हे चाणाक्ष वाचकाला लगेच कळतं. स्वतःच्या वासनेला तो कारणं जोडत जातो, आणि ती कारणं ऐकायला गोड लागतात.

काळोखी कादंबरीसाठी लागणारं कसब म्हणजे नेमकं हेच: सांगणाऱ्याचं सगळं ऐकायचं, पण त्याच्यावर एक डोळा ठेवायचा. ‘ययाति’ वाचताना तुम्ही ते नकळत केलेलं आहे, आता जाणीवपूर्वक करायचं. सराव म्हणून देवयानी आणि शर्मिष्ठा यांची निवेदनं एकापाठोपाठ पुन्हा वाचा. एकीनं जे ठासून सांगितलं त्यातलं दुसरीनं काय गाळलं, ते पेन्सिलीनं खुणावा. खुणा करताना पुस्तक आपलं असावं, वाचनालयाचं नसावं, एवढं सांभाळा!

यादीत ‘कोसला’ असेल तर तुमची तयारी आणखी पुढची आहे. १९६३ साली आलेल्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगाची टवाळी करत बोलतो. धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीनं मृत्यू होतो तिथे मात्र ती टवाळी चालेनाशी होते. ते प्रकरण ज्यानं वाचून पचवलं, त्यानं काळोखी कादंबरीला घाबरायचं कारण नाही.

पायऱ्यांनी उतरा

एकदम दोस्तोयेव्हस्की हातात घेऊ नका. मराठीतच चांगल्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. साल १९३९, आकार अगदी लहान, दोन-तीन बैठकींत संपते. युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हॅर्टा एका बोटीवर भेटतात. बोटीवर देश सुटलेली माणसं खच्चून भरलेली आहेत. वरवर ही प्रेमकथा आहे. वाचताना चक्रधरच्या कोरडेपणाकडे लक्ष ठेवा. तो कुठे हळवा होतो यापेक्षा कुठे हळवं व्हायचं टाळतो, ते जास्त बोलकं आहे.

दुसरी पायरी जयवंत दळवींची ‘अंधाराच्या पारंब्या’. दळवी हे वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे. ‘ललित’मध्ये ठणठणपाळ या नावानं सगळ्या साहित्यिकांची खिल्ली उडवणारा हाच लेखक इतकं काळंही लिहीत होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. याच कादंबरीवरून त्यांनी ‘बॅरिस्टर’ नाटक लिहिलं. विजया मेहतांनी ते १९७७ साली रंगभूमीवर आणलं आणि पुढे त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला सुधारक विचारांचा माणूस, जुना वाडा, घरातली विधवा मावशी आणि घराण्यावर असलेली वेडाची सावली, असा हा ऐवज आहे. बोलायला पुढारलेला माणूस प्रत्यक्ष कृतीची वेळ आली की कसा गोठतो, ते इथे पाहायचं. आधी नाटक वाचून मग कादंबरी घेतली तरी चालेल, कारण नाटकाचा चढ लवकर हाती लागतो.

याच पायरीवर चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६) ठेवा. कोंडुरा नावाचं समुद्रकाठचं ठिकाण वेंगुर्ल्याजवळ खरोखर आहे. श्याम बेनेगलांनी या कादंबरीवर १९७८ साली चित्रपट काढला. दैवी साक्षात्कार आणि मनाचा खेळ यांच्यातली रेघ खानोलकर मुद्दाम पुसट ठेवतात. देवाचा कौल, नवस, अंगात येणं, राखणदार या गोष्टी कोकणातल्या वाचकाला नव्या नाहीत. म्हणूनच शहरी वाचक जिथे ‘हे खरं की खोटं’ असं विचारत अडतो, तिथे आपल्याला पुढचा प्रश्न विचारता येतो: यावर विश्वास ठेवल्यामुळे या माणसाचं काय झालं?

तिसरी पायरी शांता गोखल्यांची ‘रीटा वेलिणकर’, १९९० सालची. रीटा नर्व्हस ब्रेकडाउन होऊन हॉस्पिटलात आहे. घरच्यांची ओझी वाहताना आणि एका विवाहित पुरुषाच्या सावलीत राहताना तिचं काय झालं, ते हळूहळू उलगडतं. या यादीतलं हे एक पुस्तक काळोखातून बाहेर यायची वाटही दाखवतं. म्हणून मध्ये कुठे जड वाटलं तर आधी हे वाचा. रेणुका शहाणे यांनी आईच्या या कादंबरीवर ‘रीटा’ हा चित्रपट केला आहे, तो मात्र नंतर पाहा.

इथवर आलात की दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ घ्यायला हरकत नाही.

सातशे तीस पावलं

ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकातून क्रमशः आली. रस्कोल्निकोव्ह नावाचा शिक्षण अर्धवट सोडलेला विद्यार्थी सावकारी करणाऱ्या एका म्हातारीचा खून करतो, एवढं कथानक न वाचलेल्यांनाही माहीत असतं. त्यामुळे पुष्कळजण ती खुनाची गोष्ट म्हणून उघडतात आणि दीडशे-दोनशे पानांनंतर कंटाळतात. सहा भाग आणि उपसंहार अशा या पुस्तकात खून पहिल्याच भागाच्या शेवटी उरकतो. उरलेली पाच भागांची कादंबरी खुनानंतरच्या मनाची आहे, हे आधीच लक्षात ठेवलं की वाचनाचा वेग आपोआप जुळतो.

पहिल्या भागात तीन तपशील सावकाश वाचा. आपल्या घरापासून म्हातारीच्या घरापर्यंत सातशे तीस पावलं आहेत, हे त्यानं मोजून ठेवलेलं आहे. कुऱ्हाड कुणाला दिसू नये म्हणून जुन्या सदऱ्याच्या पट्ट्या फाडून त्यानं कोटाच्या आत, काखेखाली एक फासा शिवला आहे. एवढी तयारी करूनही, आपण हे खरोखर करणार आहोत, यावर त्याचा स्वतःचा विश्वास नाही. हात काम करताहेत आणि डोकं ते मान्य करत नाही, ही अवस्था दोस्तोयेव्हस्की या बारकाव्यांतून उभी करतो.

आता खुनानंतरचं पाहा. लोभी म्हातारीचा पैसा शेकडो गरजूंच्या उपयोगी पडेल, असा हिशेब त्यानं एका खाणावळीत दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, आणि तोच त्याच्या डोक्यात बसला होता. प्रत्यक्षात चोरलेला बटवा आणि दागिने तो एका अंगणात दगडाखाली पुरून टाकतो. बटव्यात किती पैसे आहेत, तेसुद्धा उघडून पाहत नाही. ज्या पैशासाठी खून केला म्हणून तो स्वतःला सांगत होता, तो पैसा मोजायची त्याला इच्छाच होत नाही. ही जागा सापडली की पुढचं सगळं पुस्तक त्या न उघडलेल्या बटव्याचं उत्तर शोधतंय, असं दिसू लागतं. काळोखी कादंबरी वाचताना अशीच जागा शोधायची असते: माणूस सांगतो ते कारण आणि माणूस करतो ती कृती जिथे जुळत नाहीत ती.

दोस्तोयेव्हस्कीनं आधी ही गोष्ट खुन्याच्याच तोंडून, कबुलीजबाबासारखी लिहायला घेतली होती. नंतर ते लेखन टाकून देऊन त्यानं ती तृतीयपुरुषी निवेदनात नव्यानं लिहिली. सांगणारा कोण, हा प्रश्न लेखकालाही किती छळतो, ते यावरून कळतं.

एक व्यवहारातली सूचना. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन-चार नावांनी हाक मारतात. जाड कागदाची एक पट्टी कापा, तिच्यावर पात्रांची नावं आणि नाती लिहा आणि तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. नावांच्या गोंधळात पुस्तक सोडून देणारे वाचक एवढ्यानं तरतात.

मुंबईत छापलेलं घुबड

शेवटची पायरी फारच अंधारी आहे आणि तिचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. सादेक हेदायत हा इराणी लेखक १९३६ साली मुंबईला आला. बहरामगोर अंकलेसरिया या पारशी विद्वानांकडे तो पहलवी भाषा शिकला. याच मुक्कामात त्यानं ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळं घुबड’, ही कादंबरी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सायक्लोस्टाइलसारख्या पद्धतीनं मोजक्या प्रतींत काढली. इराणात विक्रीसाठी नाही, अशी नोंदही तिच्यावर केली. रझाशहाची राजवट संपल्यावरच ती तेहरानमध्ये उघडपणे छापली गेली. फारसी भाषेतली सर्वांत गाजलेली आधुनिक कादंबरी जन्माला आली ती अशी धरमतरच्या खाडीपलीकडच्या शहरात.

कलमदानांवर चित्रं काढणारा एक एकलकोंडा माणूस भिंतीवरच्या आपल्याच सावलीला उद्देशून हे सगळं लिहितो आहे. तो एकच चित्र पुन्हा पुन्हा काढतो: सुरूच्या झाडाखाली बसलेला म्हातारा, त्याला कमळ देऊ पाहणारी काळ्या वस्त्रांतली मुलगी आणि दोघांच्या मध्ये ओढा. पुस्तकाच्या दोन भागांत हाच म्हातारा, हीच मुलगी, हेच हसू वेगवेगळ्या रूपांत परत येत राहतं. ‘दोन क्रान आणि एक अब्बासी’ एवढी किरकोळ रक्कमही पुन्हा पुन्हा डोकावते. मध्येच काशीच्या देवळातली नर्तिका येते. अंधाऱ्या खोलीत नागाबरोबर कोंडून घेण्याच्या कसोटीची गोष्ट येते.

इथे काय झालं, ते सरळ रेषेत लावायला गेलात तर डोकं धराल. त्याऐवजी वहीत एक पान आखा आणि जी वस्तू दुसऱ्यांदा दिसेल ती पानाच्या क्रमांकासह टिपत जा. अर्ध्या पुस्तकापर्यंत ते पान भरेल. निवेदक ज्यांना वेगवेगळी माणसं म्हणतोय ती एकाच मनाचे तुकडे आहेत का, असा संशय मग तुम्हाला स्वतःहून येईल. डी. पी. कॉस्टेलो यांचा १९५७ सालचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध आहे. पुस्तक लहान आहे, पण घाईनं वाचण्याजोगं नाही.

माझं मत विचाराल तर ‘आंधळं घुबड’ हे मोठं पुस्तक आहे आणि ते सगळ्यांसाठी नाही. त्यातला बायकांविषयीचा विखार अंगावर येतो. तो निवेदकाचा आजार म्हणून वाचावा लागतो. तो लेखकाचा उपदेश आहे असं समजून वाचणारा वाचक एक तर पुस्तक फेकून देईल, नाहीतर भलतंच काही शिकेल. म्हणूनच निवेदकावर डोळा ठेवायचं कसब आधीच्या पायऱ्यांवर कमवून मगच याच्याकडे यावं.

केव्हा आणि किती वाचावं

डोलवीत दिवस शिफ्टवर चालतो. आधी इस्पात, २०१० नंतर जेएसडब्ल्यू, कारखान्याचं नाव बदललं तरी फर्स्ट, सेकंड आणि नाइट काही सुटलेलं नाही. त्यामुळे वाचनाचं वेळापत्रकही शिफ्टप्रमाणेच लावायला हवं.

नाइट करून आल्यावर झोपण्याआधी अशी कादंबरी उघडू नका. थकलेलं डोकं आणि दिवसाची तुटक झोप यांत ही पुस्तकं नको तितकी खोल जातात. त्या आठवड्यात पु. ल., शंकर पाटील किंवा द. मा. मिरासदार बरे. फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळचा चहा झाल्यावर, घरात माणसं वावरत असताना वाचा. दिवा-रोहा गाडीनं रोज जा-ये करणाऱ्यांना पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा हा टप्पा एका प्रकरणापुरता पुरेसा आहे. गाडीत वाचायचा एक फायदा असा, की स्टेशन आलं की पुस्तक मिटावंच लागतं.

एका बैठकीत एक प्रकरण पुरे. पुस्तक मिटल्यावर वहीत तीन ओळी लिहा: आज त्यानं काय सांगितलं, काय केलं आणि काय लपवलं असेल. तिसरी ओळ सुचली नाही तर ते प्रकरण पुन्हा चाळा. दोन काळोखी कादंबऱ्यांच्या मध्ये निदान एक वेगळ्या जातीचं पुस्तक वाचा.

कुठे थांबावं

पुस्तक अर्धवट सोडण्यात कमीपणा नाही. झोप उडायला लागली, पात्राचे विचार दिवसभर आपलेच वाटू लागले किंवा घरातल्यांशी बोलणं नकोसं झालं, तर पुस्तक कपाटात ठेवा. घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल, विशेषतः कुणी आत्महत्या केली असेल, तर या वाटेला वर्षभर जाऊ नका. दहावी-बारावीतल्या मुलांच्या हाती अशी पुस्तकं देताना आधी स्वतः वाचा आणि नंतर त्यांच्याशी बोला.

पुस्तक मिटूनही मन थाऱ्यावर येत नसेल तर प्रश्न पुस्तकाचा राहत नाही. अशा वेळी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो कुठल्याही वेळी चालतो आणि फुकट आहे. फोन करणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही.

एकट्यानं वाचू नका

काळोखी कादंबरीचा निम्मा अर्थ बोलताना उलगडतो. त्यासाठी मोठं मंडळ काढायची, अध्यक्ष-सचिव नेमायची गरज नाही. चार माणसं, एक पुस्तक आणि महिन्यातला एक रविवार पुरतो. प्रत्येकानं आपली आवडती पाच पुस्तकं सांगून ओळख करून द्यावी. मग ठरलेल्या कादंबरीतली न पटलेली एक जागा मांडावी. ‘आवडली का’ हा प्रश्न शेवटी घ्या, नाहीतर चर्चा तिथेच संपते. कारखान्याच्या वसाहतीत देशभरातली माणसं राहतात. त्यांच्यातल्या एखाद्याला बोलवा आणि त्याच्या भाषेतली अशी कादंबरी कोणती, ते त्याच्याच तोंडून ऐका. आगरी घरातली आजी लिहायला-वाचायला शिकलेली नसली तरी ‘कोंडुरा’ची गोष्ट तिला सांगून पाहा. अंगात येण्याबद्दल ती जे सांगेल ते समीक्षेच्या पुस्तकात मिळणार नाही.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग आणि सरकारी अनुदान मिळतं. तालुक्याच्या वाचनालयात नाममात्र वर्गणी आणि अनामत भरून सभासद व्हा. हवं ते पुस्तक कपाटात नसेल तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा. अनुदानातून नवी पुस्तकं घेताना सभासदांच्या मागणीचा उपयोग होतो. एकाच पुस्तकासाठी चार जणांनी मागणी लिहिली तर ती डोळ्याआड करणं कठीण जातं.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. पाच आवडत्या पुस्तकांची यादी लिहा, सहावी ओळ मोकळी ठेवा आणि वाचनालयात जाऊन ‘रणांगण’ मागा. ते आवडलं नाही तर निदान का आवडलं नाही ते नेमकं सांगता येईल, आणि चांगल्या वाचकाकडून तेवढीच अपेक्षा असते.